हिवाळा सरताना घोड्यावरची रपेट: थंडी सोसते, ओल सोसत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 11 वर्षांची घोडी, अंगावर दाट हिवाळी केस, आठवड्यातून तीन-चार रपेटी. सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असतं, दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो आणि परत येईपर्यंत वारा सुटतो नाहीतर पावसाची सर येते. वीस मिनिटं दुडकी (हलकी धाव) झाली की घोडी घामाने निथळते आणि तबेल्यात आल्यावर थरथरते. वारा असला की पान हललं तरी बुजते. यात मजा उरली नाही, असं तुम्ही लिहिलंय. हवा स्थिरावेपर्यंत महिनाभर रपेट बंद ठेवू की सरळ तिचे केस कातरून टाकू, असं विचारलंय.

माझ्या मते दोन्ही करू नका. बंद ठेवायचं म्हणाल तर ते जुनं कोडं आठवा: घोडा का अडला, भाकरी का करपली, पानं का सडली? न फिरवल्यामुळे. महिनाभर ठाणावर उभी राहिलेली घोडी पहिल्याच दिवशी दुप्पट बुजते आणि निम्म्या वेळात दमते. कातरण्याबद्दल पुढे लिहिते, कारण त्याचं उत्तर इतकं सरळ नाही.

आधी एक कबुली. मी गेली बावीस वर्षं स्वारी शिकवते आणि घोडे तयार करते, पण ते रोजच्या रपेटीचे आणि मैदानातल्या हलक्या कामाचे. शर्यतीचे किंवा लांब पल्ल्याचे घोडे माझ्या हाताखाली फारसे नव्हते. तुमची घोडी दिवसरात्र उघड्यावर असते की बंद तबेल्यात, अंगाने भरलेली आहे की बरगड्या दिसतात, आधी कधी खुराचा किंवा स्नायूंचा आजार झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. मी ती निरोगी, मध्यम अंगाची आणि न कातरलेली आहे असं धरून लिहिते.

तुम्ही थंडीला घाबरताय, पण घोड्याला थंडीचं फारसं काही वाटत नाही. साधारण 5 ते 25 अंश सेल्सिअसच्या दरम्यान मोठ्या घोड्याला ऊब राखायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. अंगावर दाट, कोरडे हिवाळी केस असतील तर शून्याच्या बऱ्याच खालीही तो निवांत उभा राहतो. केस ताठ उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि ती हवाच त्याची रजई होते. हे सगळं केस कोरडे असेपर्यंत. घामाने किंवा पावसाने ते अंगाला चिकटले की रजई गेली. म्हणून उणे 3 अंशात कोरडी घोडी मजेत असते आणि 9 अंशात ओली घोडी वाऱ्यावर कुडकुडते. तुमची घोडी कुडकुडते ती आतून भिजल्यामुळे.

आता ती इतकी का भिजते? घोड्याची केस बदलण्याची वेळ प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवरून ठरते. उत्तर गोलार्धात 21-22 डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, डोळ्यांना जास्त वेळ उजेड मिळतो, शरीरातलं मेलाटोनिन (अंधारात तयार होणारं संप्रेरक) कमी होत जातं आणि काही आठवड्यांनी हिवाळी केस सुटू लागतात. पण हे सावकाश चालतं. ऊन मात्र एका दुपारीत वर चढतं. म्हणजे घोडीच्या अंगावर मध्यरात्रीचा पोशाख आणि तुम्ही तिला दुपारच्या उन्हात पळवताय. ती घामाघूम होणारच. ऋतू बदलताना हे दोन-तीन आठवडे दर वर्षी असेच जातात.

मग मी काय करते? रपेटीचं वेळापत्रक शेवटाकडून मांडते. पहिला प्रश्न हा की घोडी कधी कोरडी झालेली हवी? समजा संध्याकाळी सहाला हवा उतरायला लागते. दाट केसांची, छातीपर्यंत भिजलेली घोडी पुसून वाळवायला तास तरी जातो. म्हणजे पाचला तबेल्यात. शेवटची 15-20 मिनिटं नुसती चाल, म्हणजे घाम काढणारं काम पावणेपाचच्या आत संपलेलं. मग निघायचं साडेतीनला. बहुतेक लोक उलट करतात: हवा छान आहे, निघू या, बघू किती वेळ मिळतो. आणि साडेसहाला अंधारात ओली घोडी दावणीला उभी राहते. नोकरीमुळे तुम्हाला संध्याकाळच मिळत असेल तर तासभराच्या रपेटीतला घाम काढणारा भाग निम्मा करा.

सुरुवातीची चाल थंडीत कधीच कापू नका. मी किमान पंधरा मिनिटं कदम, म्हणजे साध्या चालीने, चालवते, गोठलेल्या सकाळी वीस. सांध्यांमधलं वंगण आणि स्नायू सैल व्हायला वेळ लागतो. शिवाय घोड्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो; काम चढत जातं तसा तो रक्तात उतरतो आणि दम वाढतो. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, एका दमात आवळू नका. तबेल्यात सैल, पाच मिनिटं हाताने चालवल्यावर एक भोक, बसण्याआधी आणखी एक. थंड पाठीवर थंड खोगीर टाकून तंग आवळला की घोडी पाठ वर काढते आणि आपण म्हणतो, आज हिचं डोकं ठिकाणावर नाही. तोंडातली कडीही आधी मुठीत धरून गरम करा. गोठलेलं लोखंड तुमच्या जिभेला कसं लागेल, एवढा विचार केला तरी पुरे.

दुडकी तीन-चार मिनिटं, मग दोन-तीन मिनिटं कदम, अशी मोडून घ्या. प्रत्येक कदमाच्या वेळी वाकून, लगाम एका हातात घेऊन, खोगिराखालच्या नमद्याच्या पुढच्या कडेखाली बोटं घाला. उबदार आणि कोरडं लागलं तर चालू ठेवा. दमट लागलं की दुडकी संपली, आता फक्त चाल. ओलं लागलं तर तुम्ही आधीच उशीर केलाय. वीस मिनिटांत ती निथळते म्हणजे बाराव्या-तेराव्या मिनिटाला ती दमट झालेली असणार. तो क्षण तुम्हाला बोटांनी पकडायचाय.

आता जमिनीबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार, कारण या दिवसांतले अपघात आभाळामुळे कमी आणि जमिनीमुळे जास्त होतात. पूर्ण गोठलेली जमीन कठीण असते, पण निदान कळते तरी. तिच्यावर चाल ठीक. दुडकी टाळा, कारण प्रत्येक टापेचा हिसका सांध्यांपर्यंत जातो, आणि गोठलेल्या चाकोऱ्यांच्या धारेवर तळवा दुखावतो. खोल चिखल वेगळा त्रास देतो. पाय ओढून काढताना स्नायुबंध ताणले जातात आणि नाल चिखलातच राहतो. पण सगळ्यात फसवी जमीन म्हणजे वरून वितळलेली आणि खालून गोठलेली. वर दोन-तीन सेंटिमीटर लोणी, खाली दगड. खुराला रुतायला जागाच नसते. दिसायला ती साध्या ओल्या वाटेसारखी दिसते, आणि ऊन चांगलं पडलेलं असतं म्हणून आपण खुशीत असतो.

मी स्वतः यावर एकदा आपटले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. राखाडी रंगाचा, पायाचा अगदी पक्का घोडा होता. उन्हातली वाट कोरडी होती, दुडकी सुरेख लागली होती. वळणावर झाडांची सावली आली आणि तिथला बर्फ दिवसभर वितळलेलाच नव्हता. मागचे दोन्ही पाय एकदम निसटले, घोडा कुत्र्यासारखा बसला आणि मी बाजूला. दोघेही उठलो, पण त्याला तीन आठवडे विश्रांती द्यावी लागली. त्या दिवशी मी दहा वेळा ढगांकडे पाहिलं होतं, वाटेकडे एकदाही नाही. तेव्हापासून सावलीत शिरण्याआधी चाल कदमावर आणते, मग वाट कितीही चांगली असो. लाकडी पूल, झाडाखालची वळणं आणि दिवसभर उन्हाला पाठ करून असलेला उतार, या जागा मी आधीच मनात नोंदवून ठेवते. निसरड्या उतारावर सरळ खाली जा, तिरपं नको. लगाम सैल सोडा, तिला मान खाली घालून पाय शोधू द्या आणि तुम्ही मध्यावर शांत बसा. फारच निसरडं असेल तर उतरा आणि तिच्या खांद्याशेजारून चाला, अगदी पुढ्यात नको.

बर्फ पडत असेल तिथे ओला बर्फ नालेत गच्च बसतो आणि घोडी गोळ्यांवर डुगडुगत चालते. निघताना तळव्याला व्हॅसलिनसारखं काही चोपडा आणि खूर खरवडायचा हूक खिशात ठेवा. थंडीत रपेट कमी होते म्हणून नालबंदाची फेरी पुढे ढकलायची सवय असते, ती मोडा. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, हिवाळ्यात जरा सावकाश. तरी सहा-आठ आठवड्यांत पुढचा भाग इतका लांबतो की निसरड्यावर पाय वेळेवर उचलला जात नाही.

वाऱ्यात बुजते, हा तिचा नखरा नाही. घोडा जग कानांनी आणि नाकाने वाचतो. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त ठीक पाठीमागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं सुटतं. वारा सुटला की वास कुठून येतोय ते कळत नाही, आवाज फाटून येतात आणि सगळं काही हलत असतं. त्यातून ती दोन दिवस उभी राहून दाणा खात असेल तर अंगात रग असतेच. म्हणून विश्रांतीच्या दिवशी दाणा कमी, वैरण तेवढीच. खिशाला न लागणारा हा उपाय अर्ध्या बुजण्यावर चालतो. भरपूर दाणा, विश्रांती आणि मग अचानक जोराचं काम, यातून काही घोड्यांचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, तेही टळतं.

रपेटीची दिशा अशी ठरवा की जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. जाताना ती कोरडी असते, वारा सोसते. येताना घामेजलेली छाती वाऱ्याला द्यायची नाही. यात एक अडचण आहे: पाठचा वारा आणि घराची ओढ एकत्र आली की घोडी घाई करते. त्यासाठीच परतीची वाट कदमाची. जमलं तर एखाद्या पोक्त, शांत घोड्याच्या मागे जा. एकट्या असाल तर तिच्या डोक्याला काम द्या. चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे, थांबा, दोन पावलं मागे, पुन्हा पुढे. एक कान तुमच्याकडे वळला की समजा, निम्मं काम झालं. मी गुणगुणते. माझा गळा फक्त घोड्यांनाच सहन होतो, पण गुणगुणताना श्वास रोखता येत नाही आणि माझा रोखलेला श्वास घोडीला माझ्याआधी कळतो. आणि हातमोजे घाला. गारठलेली बोटं लगाम नुसतं धरून ठेवतात, द्यायचं विसरतात, आणि तोंडावरच्या त्या सततच्या ओढीने शांत घोडीसुद्धा चिडते.

तुमच्या कपड्यांबद्दल फार लांबण नको. पातळ थर, आत सुती नको कारण ते घाम धरून बसतं, बाहेर वारा अडवणारं काहीतरी. शिरस्त्राणाखाली जाड टोपी नको, शिरस्त्राण सैल बसतं. जाड बूट घ्याल तर रिकीबही (पाय ठेवायची कडी) रुंद घ्या, बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली पाहिजे. अडकलेला पाय हा स्वारीतला सगळ्यात वाईट प्रसंग. एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात. सळसळणारा रेनकोट तिला तबेल्यात आधी दाखवा, हुंगू द्या, अंगावर घालून तिच्याभोवती फिरा. पहिल्यांदा पावसात, वाऱ्यात, पाठीवर बसून तो उलगडायला गेलात तर पुढचं मी सांगायला नको. कपडे चढवायचे-उतरवायचे असतील तर जमिनीवर उतरून.

परत आल्यानंतरचा तास मी रपेटीचाच भाग धरते. शेवटच्या पाच मिनिटांत उतरून तंग एक भोक सैल करा आणि चालवत आणा. खोगीर काढलं की लगेच कंबरेवर लोकरीची झूल टाका आणि मान-छाती जाड टॉवेलने केसांच्या उलट दिशेने घासा. केस उभे राहिले पाहिजेत, तरच हवा आत शिरते. मग ओल शोषणारी लोकरीची किंवा फ्लीसची झूल. थोड्या वेळाने तिच्यावर बारीक थेंब जमलेले दिसतील, म्हणजे ओल बाहेर येतेय. तेव्हा झूल बदला. ओल्या घोडीवर जाड, पाणी न शिरणारी झूल टाकून घरी जाऊ नका. ओल आतच कोंडते. झूल नसेल तर पाठीवर कोरड्या पेंढ्याचा थर आणि वर गोणपाट, ही जुनी युक्ती अजूनही उत्तम चालते. कोरडेपणा तपासायचा तो कानांच्या मुळाशी, छातीत आणि कोपराच्या मागे. पाठीवरून हात फिरवून काही कळत नाही.

थरथर दिसली म्हणून घाबरू नका. थरथरणं हा ऊब तयार करण्याचा स्नायूंचा मार्ग आहे. पुसून, झूल टाकून, वैरण पुढे ठेवल्यावर ती पाव तासात थांबत असेल तर ठीक. थांबत नसेल, घोडी वैरणीला तोंड लावत नसेल, पुठ्ठे दगडासारखे कडक लागत असतील, पाऊल टाकायला नकार देत असेल किंवा लघवी गडद तपकिरी दिसली तर तिला चालवू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा. यासाठी तिचे स्वस्थ असतानाचे आकडे तुमच्याकडे हवेत. साधारणपणे विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, तापमान 37.2 ते 38.5 अंशांच्या आसपास. पण तिचे स्वतःचे आकडे तीन-चार सकाळी मोजून तबेल्याच्या दारावर लिहून ठेवा.

पायाचा चिखल रोज धुऊ नका. सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते, भेगाळते आणि खुराच्या वरच्या भागात खपल्या धरतात. वाळू द्या, मग ब्रश मारा. धुतलाच तर पूर्ण कोरडा करा. भिजलेलं खोगीर सावलीत हवेवर वाळवा, शेगडीजवळ ठेवलंत तर चामडं तडकेल.

खाण्यापिण्यात मी दोनच गोष्टी सांगेन. थंडीत ऊब दाण्यापेक्षा वैरणीने जास्त मिळते, कारण मोठ्या आतड्यात तंतू आंबताना उष्णता तयार होते. 500 किलोच्या घोडीला दिवसाला 8 ते 10 किलो सुकी वैरण धरा. आणि ती पाणी पिते की नाही ते पाहा. 25 ते 45 लिटर लागतं, गारठ्यात ती कमी पिते आणि मग आतड्यात कोरडा मळ अडकून पोटशूळ होतो. कोमट पाणी द्या, लीद कोरडी पडतेय का बघा. उघड्यावर चरत असेल तर गोठलेली रात्र आणि मागून लख्ख ऊन, अशा दिवशी गवतात साखर साठते. खुराच्या दाहाची खोड असलेल्या घोडीला त्या दिवशी चरायला सोडू नका.

आता केस कातरण्याबद्दल. उन्हाळी केस खालून यायला लागल्यावर सगळं अंग कातरणं मी टाळते. रात्री अजून गोठतंय आणि कातरलेल्या घोडीला महिनाभर झुलांच्या अदलाबदलीवर जगवावं लागतं. गळ्याच्या खालून छातीपर्यंत एक पट्टा मात्र कातरायला हरकत नाही, तोही वरच्या युक्त्या करून वाळायला तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तरच. आधी रोज खरारा करा, जोराने, वीस मिनिटं. सुटायला आलेले केस मुठीमुठीने निघतील आणि घाम आपोआप कमी होईल. निघालेले केस कुंपणावर ठेवून द्या. पक्षी घरट्यासाठी उचलून नेतात, आणि ते बघायला मला अजून आवडतं.

मजेचं म्हणाल तर ती माझ्याकडे परत आली ती एका बदलामुळे. पूर्वी मी घरातून ठरवून निघायचे: आज टेकडीपर्यंत. हवा बिघडली की रपेट फसली असं वाटायचं. आता तीन वाटा ठरवून ठेवल्या आहेत. अर्ध्या तासाची पक्क्या जमिनीची वाट, तासाची, आणि लांबची. कुठली घ्यायची ते फाटकापाशी ठरतं, पंधरा मिनिटं चालून झाल्यावर, तिचे कान आणि जमीन बघून. ढगांच्या गडगडाटाचा पहिला आवाज, फांद्या मोडणारा वारा किंवा वाटेवर काचेसारखा बर्फ असेल तर चौथी वाट: मैदानात हाताने चालवणं, नाहीतर नुसता खरारा. तोही दिवस वाया जात नाही, त्याच दिवशी तिच्या अंगावरचे ओरखडे आणि सैल नाल सापडतात.

तुमच्यासाठी या आठवड्यापुरतं असं ठरवा: तीन रपेटी, प्रत्येकी 40 मिनिटं, त्यातली दुडकी एकूण दहाच मिनिटं, तीही तीन तुकड्यांत. नमद्याखाली बोटं घालून कितव्या मिनिटाला दमट लागलं, घरी आल्यावर थरथर किती वेळ टिकली आणि कोपरामागे कोरडं व्हायला किती वेळ लागला, हे तिन्ही आकडे लिहून इथे टाका. मग कातरायचं की नाही ते ठरवू.